शैलावहिनीच्या कापलेल्या कादंबऱ्या

सकाळचा दुसरा चहा झाला की शैलावहिनीचा फोन यायचा. इतकी वर्षं त्यात खंड नव्हता. शेवटच्या काही आठवड्यांत मात्र तो बंद झाला, कारण चार वाक्यं सलग बोलली की तिला धाप लागायची. म्हणून त्या सकाळी मोबाइलवर तिचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, आज बाईसाहेबांना बरं वाटतंय, भांडायला फोन केलाय. मी उचलून म्हटलं, "बोला, आज कोणाची धुलाई?"  पलीकडून माझ्या भावाचा आवाज... "नीला, ये." एवढंच. दादा मुळात कमी बोलतो, पण त्या दोन शब्दांनंतर त्याने फोन ठेवलाही नाही. तो तसाच चालू राहिला, आणि मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं ते मी उभ्या उभ्या ऐकत राहिले. गंगापूर रोडच्या माझ्या घरून इंदिरानगरला दादाकडे जायला एरवी फार वेळ लागत नाही. त्या दिवशी वाटेतल्या बोगद्यापाशी नेहमीसारखी गाड्यांची रांग होती, आणि रिक्षात बसून मला कसली घाई आहे हेच कळेना. घाई करण्यासारखं आता तिथं काही उरलं नव्हतं.

घरात शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुटली हो बिचारी." मला इतका राग आला की मी तिचा हात बाजूला केला. हे वाक्य एखाद्या कादंबरीत आलं असतं तर वहिनीने पान तिथंच मिटलं असतं आणि मला फोन करून म्हटलं असतं, "बघ, लेखक दमला." तिला जायचं नव्हतं, त्यामुळे ती सुटली वगैरे काही नाही. तिला ओढून नेलं, आणि ज्यांना हे कळत नाही त्यांनी निदान गप्प बसावं.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शैलावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सटाण्याकडचं. नोकरी टेलिफोन खात्यात केली, निवृत्त झाली, एक मुलगी, सई, ती बंगळूरला असते. मी स्वतः शाळेत मराठी शिकवत होते, लग्न केलं नाही. लग्न न केलेली नणंद आणि प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणारी भावजय, या जोडीची नातेवाइकांत पुष्कळ चेष्टा व्हायची. वहिनी म्हणायची, "होऊ दे. त्यांना दुसरं वाचायला काय आहे?" दिसायला ती साधी होती, बुटकी, चष्मा सतत कपाळावर. पण पुस्तकाबद्दल बोलायला लागली की तिच्यासमोर उभं राहायची सोय नसायची. रागावली की माहेरची अहिराणी बाहेर यायची. दोनशे पानं वाचून झाल्यावर एखाद्या नायकाने अचानक आपण कोट्यधीश असल्याचं सांगितलं की फोनवर पहिलं वाक्य यायचं, "हाई काय शे वं माय! बठ्ठं खोटं शे!" म्हणजे सगळं खोटं.

पुस्तकं कापायची पद्धत तिचीच. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मी तिच्याशी धड बोलत नव्हते. दादाची वाटणी झाली याचा राग होता, दुसरं काही नाही. एकदा दोघींना एकच नवीन कादंबरी वाचायची होती आणि दोघीही ती हातातून सोडत नव्हतो. दादा जेवायला बसला होता. तो वैतागून म्हणाला, "अर्धी अर्धी वाटून घ्या ना!" वहिनीने विळी पुढे ओढली आणि भोपळा चिरावा तसं ते पुस्तक शिवणीपाशी मधोमध उभं कापलं. पहिला अर्धा भाग स्वतःकडे ठेवला, "मी भरभर वाचते, संध्याकाळी तुला देते," म्हणाली आणि आत निघून गेली. दादाचा घास हातातच राहिला. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण मी तोंड वाकडं करून बसले. संध्याकाळी तिने खरंच अर्धं पुस्तक आणून दिलं, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

पुढे मी माझ्या वेगळ्या घरात आले तरी ते चालूच राहिलं. वाचनालयाचं पुस्तक कापायचं नाही, पण विकत आणलेलं प्रत्येक पुस्तक कापलं जायचं. ती पहिला अर्धा भाग वाचून दादाच्या स्कूटरवरून माझ्याकडे पाठवायची, आणि मी तो वाचत असताना ती दुसरा अर्धा भाग वाचत असायची. म्हणजे ती कायम माझ्या पुढे. तिने पुढचं सांगायचं नाही, एवढा एक नियम. सगळं वाचून झालं की मी दाभण आणि गोधडीचा दोरा घेऊन दोन्ही भाग शिवायचे आणि पुस्तक इंदिरानगरला परत जायचं. तिच्या खोलीतल्या मांडणीवर अशी शिवलेली पुस्तकं खच्चून भरली आहेत. पाठीवरची नावं दोऱ्याखाली गेल्यामुळे कुठलं कोणतं हे आम्हा दोघींनाच ओळखू यायचं. नावांनी आम्ही पुस्तकं कधी ओळखलीच नाहीत. 'लिफ्टवाली', 'केकवाली', 'ती जिच्यात सासरा बरा आहे ती', अशी आमची नावं.

गेल्या काही वर्षांत ती नव्या प्रेमकादंबऱ्यांच्या मागे लागली. सई इंग्रजी पाठवायची, काही मराठीत भाषांतर होऊन यायच्या, काही आपल्याकडच्या तरुण मुलींनी लिहिलेल्या. वहिनी सगळ्या वाचायची, आणि कुणालाही सोडायची नाही. "यांच्या हॉटेलात नेहमी एकच खोली शिल्लक कशी असते गं? आम्ही लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तर मॅनेजर म्हणाला, हव्या तेवढ्या घ्या." नायकाच्या जबड्यावर पान पान वर्णन आलं की विचारायची, "हा दातांच्या डॉक्टरकडे आलाय का?" नायिका सकाळी उठून थेट नदीवर फिरायला निघाली की म्हणायची, "हिच्या घरी दूध कोण तापवतं ते आधी सांग." ऑफिसात भांडणारी दोघं चौथ्या प्रकरणात एकमेकांच्या गळ्यात पडली की तिला पटायचं नाही. तिचं म्हणणं, भांडण मिटायला वेळ लागतो, आणि खरं प्रेम त्या वेळात दिसतं, डबा भरून देताना, न बोलता गाडीची किल्ली पुढे करताना. ते लिहायला अवघड म्हणून या पोरी चुंबन लिहून मोकळ्या होतात. आणि तरीही मी प्रेमकादंबरीला नाक मुरडलं की तीच उसळायची. "खून पाडला, पोलीस आणले की कुणालाही पानं उलटवता येतात. इथं दोन माणसं एका खोलीत नुसती बोलतात आणि तुला गॅसवरचं दूध विसरायला लावतात. ते एकदा लिहून दाखव म्हणावं तुझ्या त्या थोर लोकांना."

थोर लोक म्हणजे मी वाचायचे ते. दुष्काळ, स्थलांतर, जाडजूड आत्मचरित्रं. ती तेही वाचायची, कापूनच. सुरगाण्याकडून द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या माणसांवरची एक नवी कादंबरी मला फार आवडली होती. मी वर्गात बोलत असे तशी फोनवर तिच्याबद्दल बोलले. वहिनी शांतपणे ऐकून म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण तीनशे पानांत एकदाही कुणी हसलं नाही. मी सुरगाण्याच्या एक्स्चेंजला होते नीला. जीपमध्ये कोंबून बसलेली असायची ती माणसं, आणि इतकी हसायची की ड्रायव्हर गाडी थांबवायचा. या लेखकाने त्यांचं दुःख घेतलं आणि हसू तिथंच ठेवून आला." मी त्यावर पुष्कळ वाद घातला. आज सांगायला हरकत नाही, त्यानंतर मला ते पुस्तक पुन्हा तितकं आवडलं नाही. एका नर्सने लिहिलेलं छोटंसं आत्मकथन मात्र दोघींना आवडलं, आणि तेव्हा आमची पंचाईत झाली. बोलायलाच काही नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "तू आवडलं म्हण, मी नाही म्हणते," आणि मग सगळं सुरळीत झालं.

ही आमची खरी रीत होती. तिने एक बाजू घेतली की मी दुसरी घ्यायची, मनात काहीही असो. पुस्तक त्याशिवाय पुरतं वाचून होत नाही असं तिचं मत होतं. नोकरीत असताना मला याचं फारसं काही वाटलं नाही, दिवसभर बोलायला मुलं होती, स्टाफरूम होती. निवृत्तीनंतर कळलं की माझ्याशी कुणी भांडतच नाही. लोक एकट्या बाईशी जपून बोलतात. सोसायटीतली मंडळी 'मॅडम, मॅडम' करतात, नातेवाइकांची मुलं पाया पडतात, आणि दिवस संपतो. मी चुकते आहे असं तोंडावर सांगणारं एकच माणूस मला उरलं होतं, आणि ते रोज सकाळी फोन करायचं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही 'चहामळ्याची' वाचली. डोंगरातल्या चहामळ्यावर एक विधुर माणूस, आणि त्याच्याकडे हिशेब बघायला आलेली बाई. चांगली लिहिली होती, वहिनीने मान्य केलं. पण शेवटाकडे असं आहे की त्या बाईला आजार होतो, तिला ते कळतं, आणि ती त्याला सांगत नाही. नेहमीसारखी हसते, भांडते, त्याच्यासोबत मळ्यातून फिरते, आणि एके दिवशी जाते. वहिनी फोनवर नुसती कडाडत होती. "काय अधिकार आहे तिला? तो माणूस काय दूधखुळा आहे का? आयुष्यातले शेवटचे दिवस सोबत काढतोय आणि त्याला माहीतच नाही की हे शेवटचे आहेत! हा त्याग नाही, ही फसवणूक आहे. आणि लेखिका म्हणते किती सुंदर!" ती अशी बोलली, म्हणजे मला दुसऱ्या बाजूने उभं राहणं भाग होतं. मी राहिले. आणि मी काही हलका वाद घालत नाही, आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले आहेत. मी म्हटलं, त्या बाईचं अगदी बरोबर आहे. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याशी जपून वागायला लागला असता. भांडला नसता. तिच्या हातचा चहा बिघडला तरी छान झालाय म्हणाला असता. ती असताना त्याने तिला आजारी बाई करून टाकलं असतं. न सांगून तिने त्याला नेहमीसारखे दिवस दिले आणि स्वतःलाही. मी म्हटलं, "वहिनी, माणसाला शेवटपर्यंत नेहमीसारखं राहता आलं तर त्याहून जास्त काय हवं?"

  ती म्हणाली, "चांगलं बोललीस." आणि फोन ठेवला. मी त्या दिवशी खुशीत होते. वहिनीला गप्प करणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. मी स्वतःला बक्षीस म्हणून कोपऱ्यावरून जिलेबी आणून खाल्ली.

पुढचे महिने नेहमीसारखे गेले. आता लिहिताना विश्वास बसत नाही, पण खरंच नेहमीसारखे गेले. ती बारीक होत होती. मी विचारलं तर म्हणाली, पित्ताचे खडे, डॉक्टरने तेलकट बंद केलंय. दिवाळीत तिने फराळाला हात लावला नाही, तेव्हाही खड्यांचंच कारण सांगितलं. दादाच्या स्कूटरवरून पुस्तकं येत होती. ती कधी नव्हे ती हळू वाचायला लागली होती, आणि मी तिला चिडवत होते की म्हातारी झालीस.

मग एका दुपारी दादा अर्धं पुस्तक घेऊन आला. एरवी तो दारातूनच पिशवी देऊन जातो, स्कूटर बंदही करत नाही. त्या दिवशी आत आला, खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि पिशवी मांडीवरच धरून राहिला. मी म्हटलं, "काय रे?" तर म्हणाला, "तिने सांगू नको म्हटलंय." आणि रडायला लागला. माझ्या भावाला मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. वहिनी म्हणायची, तुझ्या दादाला लेखकाने संवादच दिले नाहीत. त्या दुपारी त्याला पहिल्यांदा संवाद मिळाले, आणि ते हे होते की पोटात गाठ आहे, ती पसरली आहे, डॉक्टरांनी हात टेकले आहेत, आणि तिने औषधांचा शेवटचा प्रकार नको म्हणून सांगितलंय. रिपोर्ट कधी आला, मी विचारलं. तो म्हणाला, पावसाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा.

म्हणजे 'चहामळ्याची' आम्ही वाचली तेव्हा तिला माहीत होतं. ती त्या बाईवर फोनवरून ओरडत होती तेव्हा तिच्या कपाटात स्वतःचा रिपोर्ट होता.

मी तशीच दादाच्या मागे स्कूटरवर बसून इंदिरानगरला गेले. ती तिच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मला बघून दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, "फुटलात ना शेवटी?" तो आत निघून गेला. मी तिला काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. खोटारडी म्हटलं, हे आठवतं. म्हटलं, तू स्वतःच म्हणाली होतीस ना फसवणूक आहे, काय अधिकार आहे तिला, हे तुझेच शब्द आहेत.  तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "मी त्या दिवशी तुला सांगायलाच फोन केला होता नीला. पुस्तकावरून सुरुवात केली. म्हटलं, ती बाई चुकली असं दोघी मिळून म्हणू आणि मग सांगू. पण तू तिच्या बाजूने बोललीस."

"मी वाद घालत होते! तू एक बाजू घेतलीस म्हणून मी दुसरी घेतली. आपलं नेहमीचं!"

"माहीत आहे मला. पण इतकं चांगलं बोललीस... मला पटलं ते."

तीस-पस्तीस वर्षांत तिने मला 'पटलं' असं एकदाही म्हटलं नव्हतं. मी त्या शब्दासाठी किती झटले होते, किती पुस्तकांवर घसा कोरडा केला होता. आणि तो मला मिळाला तो असा. मी तिच्या समोरच्या पलंगावर बसले आणि मला तिच्याकडे बघवेना. तीच उठून पाणी आणायला निघाली, तेव्हा मी ओरडले, "बस खाली!" आणि ती पटकन हसली, म्हणाली, "झालं सुरू."

खरंच सुरू झालं. मी चहामळ्याच्या त्या माणसाबद्दल जे जे म्हटलं होतं, ते सगळं मीच करायला लागले. रोज जायचे. मऊ भात न्यायचे. तिच्या पायाला तेल लावायचे. ती आता वाचू शकत नव्हती, डोळ्यांपुढे अक्षरं हलायची, म्हणून मी वाचून दाखवायचे. ती मधूनच काही बोलली की मी मान डोलवायचे. त्यात माझी काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. माणूस समोर दिवसेंदिवस झिजत असताना त्याच्याशी नायकाच्या स्वभावावरून कोण भांडेल? मला जमलं नाही, बस.  ती मात्र वाट बघायची. एखादं प्रकरण संपलं की डोळे मिटून म्हणायची, "हं?" म्हणजे आता बोल. मी म्हणायचे, "चांगलं लिहिलंय." ती म्हणायची, "वाच पुढे."

'केकवाली'चं सांगते. ही कादंबरी इतकी टुकार होती की वहिनीने मागे वाचताना मला पहिला भाग पाठवायलाच नकार दिला होता. बेकरी चालवणारी मुलगी, तिच्या दुकानावर जप्ती आणणारा बँकवाला, आणि शेवटी जप्तीच्या दिवशी तो स्वतःच केक विकत घेतो. तिने तिची इतकी टिंगल केली होती की आमच्यात टुकार पुस्तकाला केकवाली म्हणायची रूढी पडली. तर जायच्या थोडे दिवस आधी ती मला म्हणाली, ती केकवाली काढ, शेवट वाच. मी वाचला. तो बँकवाला गुडघ्यावर बसतो वगैरे. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "किती छान आहे ना गं? मी उगीच नावं ठेवली. आपण वाचलेल्यांत ही सगळ्यात चांगली." आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मला समजायला हवं होतं. मला समजलंही असेल, कुणास ठाऊक. पण तिच्या गळ्याची हाडं वर आलेली मला दिसत होती, आणि मी म्हटलं, "हो, छान आहे."

वहिनीने मान परत सरळ केली. मग म्हणाली, "म्हणजे मी खरंच चालले."

त्यानंतर तिने मला काही वाचायला सांगितलं नाही. मी जायचे, बसायचे. ती झोपलेली असायची किंवा तसं दाखवायची. दादा दाराशी येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. मग ती सकाळ आली, तो फोन आला.

आता काही आठवडे झालेत. सई येऊन गेली. जाताना मांडणीपुढे उभी राहून म्हणाली, "आत्या, ही पुस्तकं आपण कुठल्यातरी वाचनालयाला देऊ या का?" तिने दोन ठिकाणी विचारलंही. दोन्हीकडची माणसं सभ्यपणे नाही म्हणाली, कापून शिवलेली पुस्तकं कोण घेणार? एकाने तर विचारलं, लहान मुलांनी फाडली होती का. सई रडवेली झाली. मी तिला म्हटलं राहू दे तिथंच. मी स्वतः अजून काही वाचू शकत नाही. नवीन पुस्तक उघडते, चार पानं होतात, मत तयार होतं, आणि ते मत घेऊन कुठं जायचं हे कळत नाही. मग पुस्तक मिटते. मला वाटलं होतं, वाचन हे तरी आपलं आहे, एकटीचं, ते कुणी नेणार नाही. तेही तिच्याबरोबर गेलं. लोक म्हणतात वेळ लागेल. मला नाही वाटत वेळाचा काही संबंध आहे. वेळ गेला की मला फक्त सवय होईल, आणि त्या सवयीचीच मला भीती वाटते.

परवा दादाकडे गेले होते. तो संध्याकाळचा फिरायला बाहेर पडला, कुणीतरी त्याला रोज चालायला सांगितलंय. मी तिच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. समोरच्या इमारतीत कुणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मांडणीवरून हात फिरवत 'चहामळ्याची' काढली, दोऱ्यावरून ओळखली, हिरवा दोरा संपला म्हणून मी तिला अर्धी लाल दोऱ्याने शिवली होती. उघडली नाही. नुसती मांडीवर घेतली आणि मोठ्यांदा म्हटलं, "वहिनी, त्या बाईचं चुकलं. तुझंच बरोबर होतं. तिने सांगायला हवं होतं. तो जपून वागला असता, चहाला छान म्हणाला असता, खोटं खोटं हसला असता, चालेल, सगळं चालेल. पण त्याला ते दिवस माहीत असून मिळायला हवे होते. दारातून बाहेर पडताना तो एकदा मागे वळला असता. मी त्या दिवशी बोलले ते नुसतं तुझ्याविरुद्ध बोलायचं म्हणून. त्यातला एक शब्द खरा नव्हता."

आणि थांबले. मी एक बाजू घेतली होती, आता दुसरी घ्यायची पाळी तिची होती. मी खरंच वाट बघत बसले. कुकरच्या शिट्ट्या थांबल्या, खोलीत अंधारून आलं, दिवा लावायलाही मी उठले नाही. बाहेर दार वाजलं, दादाने चपला काढल्या, आणि तो दाराशी येऊन उभा राहिला, नेहमी राहायचा तसा.

"मघाशी आलो तेव्हा जिन्यापर्यंत आवाज येत होता, तिथंच थांबलो," तो म्हणाला. "कुणाशी बोलत होतीस?"

मी म्हटलं, "कुणाशी नाही."